ब्युरोची बाई कशी आहे?

मी घरी ब्लाऊज शिवते. नाशिक रोडला, जेल रोडच्या बाजूला आमचा तळमजल्यावरचा छोटा फ्लॅट आहे आणि पुढच्या खोलीत खिडकीशी माझं मशीन. त्या सकाळी एका ब्लाऊजला हूक लावत होते, तर सुई सारखी बोटांतून गळायला लागली. वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. दुपारी पाणी प्यायला उठले. पाय पुढे गेला आणि स्लिपर मागेच राहिली, ते मला कळलंसुद्धा नाही. फरशी गार लागेना.

"अहो, पायात जीवच नाहीये माझ्या," मी ह्यांना म्हटलं.

"दिवसभर मशीन चालवतेस, मुंग्या येणारच," हे पेपरातून मान न काढता म्हणाले.

संध्याकाळी मोरीतल्या स्टुलावरून मला उठता येईना. हाका मारल्या. ह्यांनी काखेत हात घालून उचलायला बघितलं, पण मी पोत्यासारखी खाली बसले. शेवटी शेजारच्यांनी मला एका खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून रिक्षापर्यंत नेलं. गाऊनवर ओढणी घेतलेली मी, आणि कॉलनीतली माणसं बघतायत. आजाराची भीती वाटायला अजून वेळ होता, आधी लाजच वाटली.

हॉस्पिटलातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी छोट्या हातोडीने माझ्या गुडघ्यावर ठोकलं. पाय उडाला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर ठोकलं, तोही नाही. मग म्हणाले, "काकू, जरा हसून दाखवा." मी हसले. म्हणजे मला वाटलं मी हसले. समोर हे उभे होते, त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की माझं हसू तोंडावर आलंच नव्हतं.

आजाराला लांबलचक परदेशी नाव आहे, सगळे त्याला जीबीएस म्हणतात. मला आठवडाभर आधी जुलाब झाले होते. ते बरे झाले, पण त्या नादात शरीर स्वतःच्याच नसांवर उठलं, असं काहीसं डॉक्टरांनी सांगितलं. ते मला नीट कळलं नाही. एक वाक्य मात्र मी घट्ट धरून ठेवलं. "खरं सांगतो काकू, हा आजार आधी चढतो, मग थांबतो, मग उतरतो. चढताना फार भीती वाटेल. पण उतरतो." हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी हा आजार आला असेल, तर तुम्हीही ते वाक्य धरून ठेवा. मला दुसरं काही धरता येत नव्हतं.

*

चढला तो खरंच. पायांनंतर हात गेले, मग जीभ जड झाली. आयसीयूत मी नुसती डोळ्यांनी जिवंत होते. श्वासाचं मशीन उशाशी आणून ठेवलं होतं. ते लावायची वेळ आली नाही, पण मी त्याच्याकडे बघत पडून राहायचे. घोट गिळताना प्रत्येक वेळी वाटायचं, हा खाली उतरेल की आडवा जाईल?

तिथला दिवस ठरलेला. पहाटे अंग पुसणं, मग रक्त घेणं, मग राउंड. माणसं येत, माझ्याबद्दल माझ्या अंगावरून बोलत आणि पुढच्या कॉटकडे जात. सगळ्यात मोठा त्रास कशाचा होता सांगू? नाकाला खाज सुटायची. हात उचलता येत नाही, शब्द फुटत नाही आणि नाक खाजतंय. फरशी पुसणाऱ्या एका मावशींना ते कसं कोण जाणे कळलं. त्या पोछा भिंतीला टेकवायच्या, बाहीच्या टोकाने माझं नाक खाजवायच्या आणि विचारायच्या, "इथं? का वर?" मी डोळे मिटले की बरोबर जागा सापडली. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही.

ह्यांना संध्याकाळी थोडा वेळ आत सोडायचे. हे यायचे, सलाईनच्या बाटलीची पातळी बघायचे, हाताची पट्टी सुटली नाही ना ते बघायचे, चादरीची सुरकुती ओढून सरळ करायचे. माझ्या तोंडाकडे काही बघायचे नाहीत. मला राग यायचा. हा माणूस मला भेटायला येतो की सलाईनला?

ह्यांची खोड मला नवी नव्हती. हे प्रेसमधून रिटायर झाले. छापून आलेले कागद तपासायचं काम. केसाएवढी रेघ चुकली तरी ह्यांना दिसायची. ती नजर नोकरीबरोबर रिटायर झाली नाही. मुलीच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या तेव्हा आख्खं घर कौतुक करत होतं, आणि ह्यांनी व्याह्यांच्या गावाच्या नावातली वेलांटी चुकलेली दाखवली. सगळ्या पत्रिका परत गेल्या.

*

आजार थांबला आणि मला घरी आणलं, पण उतरायला लागला नव्हता. मशीन गॅलरीत गेलं आणि त्याच्या जागी भाड्याची लोखंडी कॉट आली. आमची लेक केतकी बंगळुरूला असते. रजा होती तोवर तिने सगळं केलं. ती जायला निघाली तेव्हा हे म्हणाले, "बाई कशाला? मी आहे ना."

आणि खरंच केलं हो ह्यांनी. नाचणीची पेज केली, चमच्याने भरवली. ती भरवताना स्वतःचंच तोंड उघडायचे. माझी वेणीसुद्धा घातली. ती उजव्या कानावर सुरू झाली आणि डाव्या खांद्यावर संपली. पण निजलेलं माणूस कुशीवर वळवणं हे कसब असतं, नुसत्या मायेने ते जमत नाही. एका दुपारी केतकीने व्हिडिओ कॉल केला, तर मी कॉटवर आडवी आणि तिचे बाबा खाली सतरंजीवर, कमरेखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन. "आता तुम्ही दोघंही पेशंट झालात," ती म्हणाली आणि घरी पेशंट सांभाळायला बायका पाठवणाऱ्या एका ब्युरोला तिने फोन लावला.

ब्युरोने पहिली जी बाई पाठवली ती ह्यांना फार आवडली. घड्याळ लावून यायची. पांढरा ॲप्रन, नखं कापलेली, चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडलेले, गोळ्या वेळच्या वेळी. "एकदम फर्स्ट क्लास बाई आहे," हे केतकीला फोनवर सांगायचे.

मी काय सांगणार? जीभ वळत नव्हती. कापडाचा तागा उलटावा तशी ती मला उलटायची. कानात वायर घालून मैत्रिणीशी बोलत माझं अंग पुसायची. मी इतकी वर्षं बायकांची मापं घेतली आहेत. परक्या बाईच्या अंगाला टेप लावताना आधी सांगावं लागतं, "हात वर करा, आता छाती घेते हं." न सांगता हात लावला की बाई श्वास चोरते आणि माप चुकतं. आता मीच दिवसभर श्वास चोरून पडलेली असायचे.

एकदा ती मला स्पंज करत होती. मध्ये पडदा होता, पण ओढलेला नव्हता. गॅस सिलिंडरवाला आला. ह्यांनी दार उघडलं, तो सिलिंडर घेऊन सरळ आत, स्वयंपाकघरात गेला. हे त्याच्या मागोमाग, सील नीट आहे ना ते तपासायला. बाईने चादरसुद्धा ओढली नाही माझ्यावर. तो बिचारा परत जाताना खाली मान घालून गेला. मी छताकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं, तेही मला पुसता येईना.

पुढे तिला ब्युरोने दुसऱ्या पेशंटकडे पाठवलं. हे हळहळले. तिच्यानंतर आलेल्या बाईंचं आणि ह्यांचं दुसऱ्याच दिवशी वाजलं. "काकांनाच ठेवा ड्युटीवर," असं म्हणून त्या पिशवी उचलून गेल्या.

*

मग सविता आली. पहिल्याच दिवशी उशिरा. हे दारात घड्याळ बघत उभे.

"बस आलीच नाय काका. लय वेळ उभी व्हते," ती म्हणाली आणि चपला काढून सरळ माझ्याकडे आली. हात धुतले, पदराला पुसले (ते ह्यांनी पाहिलं) आणि माझ्या तोंडाशी वाकली. "काकू, मी सविता. कळवणकडची हाय. तुम्ही एरवी कोणत्या कुशीवर झोपता?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी बोलायचा प्रयत्न केला. ती कान अगदी जवळ घेऊन थांबली. मी पुन्हा म्हटलं.

"उजव्या? बरं. मग आता उजवीकडं वळवते हां. घाबरू नका, धरलंय मी."

आणि मी वळले. म्हणजे तिनेच वळवलं, पण मला वाटलं, मी वळले.

सविताचं तोंड दिवसभर चालू. गावाकडचे कांदे, नवऱ्याची ओझरच्या बाजूला वर्कशॉपमधली नोकरी, शाळेतला मुलगा, घरमालकीण, सगळं मला माहीत झालं. पण त्या बडबडीच्या मध्ये मध्ये ती सांगत असायची, आता पाठ पुसते, आता गार लागंल, आता कूस बदलते. माझं बोबडं बोलणं तिला कळायचं. पहिल्यांदा अंगठ्यात जरा हालचाल आली, तेव्हा तिने चमचा माझ्या मुठीत दिला, वरून स्वतःची मूठ ठेवली आणि म्हणाली, "आता तुमचं तुम्ही जेवताय. मी नुस्ती संगतीला हाय." अर्धा वरणभात गळ्यावर सांडला. हे ओरडले, "अहो, किती सांडलं! भरवा ना सरळ!"

ती देवी होती असं मी लिहिणार नाही. एकदा मला पॉटच्या खुर्चीवर बसवून ती फोन घ्यायला गॅलरीत गेली. मी हळूहळू एका बाजूला कलायला लागले. हाक मारायला आवाज नाही, धरायला हात नाही. जमीन जवळ येताना दिसत होती. ती धावत आली, मला छातीशी धरलं. "चुकलं काकू. शाळेतनं फोन व्हता, पोराला ताप आलाय." त्या दिवशी माझी आंघोळ झाली, वेणी झाली, ती नेहमीपेक्षा जास्त बोलली. पण माझ्या डोळ्यांसमोरून ती जवळ येणारी जमीन हलेना. ह्यांना सांगितलं तर तिला काढतील. नाही सांगितलं तर पुन्हा होईल. आणि तिच्याबद्दल तक्रार करायची, मग उद्या तिच्याच हातात अंग द्यायचं? मी गप्प राहिले.

*

ह्यांच्या तक्रारींचा पाढा मात्र रोज केतकीच्या कानावर. उशिरा येते. फार बोलते. पपई जाड कापते. चादरीचे कोपरे लोंबतात. सविताही आता ह्यांच्याशी तोडून बोलायला लागली. घरात ताण इतका की चहाचा कप ठेवल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा. शेवटी केतकीने ब्युरोला कळवलं, बाई बदलून द्या. तेव्हा ब्युरोच्या साळवे सिस्टर स्वतः घरी आल्या. काम कसं चाललंय ते बघणं हीच त्यांची नोकरी. पन्नाशीच्या, पायात कापडी बूट, आवाज शांत.

त्यांनी विचारायचा अवकाश, ह्यांनी सगळं घडाघडा सांगितलं. सविता भिंतीला टेकून उभी, ओठ दाबून. सिस्टरनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळल्या.

"काकू, तुम्हाला कशी वाटते सविता?"

"तिला बोलायला त्रास होतो," हे म्हणाले. "मी सांगतो ना. तिचं म्हणणं पण हेच आहे."

मला काय झालं कोण जाणे. पोटातून जोर काढला आणि बोलले. "मला. विचारा."

हे दचकले. सिस्टर हसल्या नाहीत, काही नाही. "काका, तुम्ही जरा चहा टाकता का? सविता, तू पण जा आत." दोघं गेल्यावर त्यांनी मधलं दार लोटलं आणि स्टूल माझ्या तोंडाजवळ ओढलं. मग जे विचारलं, ते मी विसरणार नाही. वेळेवर येते का, आंघोळ घालते का, असलं काही नाही. त्या म्हणाल्या, "दिवसात अशी कोणती वेळ असते, जेव्हा वाटतं की हिने आता आपल्याला हात लावू नये?"

मी रडायलाच लागले. त्यांनी डोळे पुसले, थांबल्या. घाई केली नाही. एकेक शब्द जुळवत मी सांगितलं. आधीच्या बाईच्या वेळी असं दिवसभर वाटायचं. पडद्याचं सांगितलं, सिलिंडरवाल्याचं सांगितलं. सविताच्या बाबतीत असं कधीच वाटलं नाही, ते सांगितलं. आणि पॉटच्या खुर्चीवरचंही सांगितलं. तेव्हा मला तिची भीती वाटली होती, हेही. "पण. तिला. काढू नका."

"नाही काढत," सिस्टर म्हणाल्या. "पण खुर्चीचं मला तिच्याशी बोलावं लागेल. ते सोडून देता येणार नाही. चालेल?"

मी मान हलवली. तेवढी हलत होती.

सविताशी त्या माझ्यासमोरच बोलल्या, आवाज न चढवता. सविताने काही लपवलं नाही. "मी रोज देवाला हात जोडते, काकू पडल्या नायत म्हणून," ती म्हणाली. पेशंट बसलेला असताना फोन उचलायचा नाही, शाळेत दुसरा नंबर द्यायचा, असं ठरलं. बसच्या वेळेप्रमाणे ड्युटी जरा उशिरा सुरू करून उशिरा संपवायची, तेही ठरलं. मग सिस्टर ह्यांना म्हणाल्या, "काका, बाजारातून लहान मुलांचं दाबलं की वाजणारं रबरी खेळणं आणा. काकूंच्या तळहाताखाली ठेवू. अंगठा हलतो तेवढ्यात वाजेल असं मऊ बघा."

जाताना दारात त्या ह्यांच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलल्या.

*

हे आत आले ते कॉटच्या कडेला बसले. चादरीची सुरकुती ओढून सरळ केली. मग म्हणाले, "सिलिंडरवाला आला तेव्हा मी घरातच होतो ना गं?"

मी डोळ्यांनी हो म्हटलं.

"मी सील बघत होतो." हे माझ्या हाताकडे बघत होते. मग हळूहळू नजर वर आली आणि आजारी पडल्यापासून पहिल्यांदा माझ्या तोंडावर थांबली. "तुझ्याकडे बघायची हिंमत होत नव्हती. दवाखान्यात तू हसलीस आणि... मग मी बाटली बघायचो. चादर बघायचो. तिथे चूक सापडली की ती दुरुस्त तरी करता येते."

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांना रडताना मी फक्त सासूबाई गेल्या तेव्हा पाहिलं होतं. मी हात उचलून ह्यांच्या डोक्यावर ठेवला असता. ते जमत नव्हतं. म्हणून म्हटलं, "नाक. खाजतंय." खाजत नव्हतं. पण ह्यांना काहीतरी करायला हवं होतं. ह्यांनी नाक खाजवलं, चांगलं दोन्ही बाजूंनी, आणि मला हसू आलं. एका बाजूने का होईना, या वेळी ते तोंडावर दिसलं, कारण हेही हसले.

दुसऱ्या दिवशी हे बाजारातून पिवळं रबरी बदक घेऊन आले. दुकानातली सगळी बदकं वाजवून पाहिली म्हणे. सविता आल्यावर तिला म्हणाले, "हिला वळवायचं कसं, ते मला शिकव."

"आधी सांगायचं काका. मग हात लावायचा."

ह्यांनी घसा खाकरला आणि स्टेशनवरची गाडी पुकारावी तसे म्हणाले, "आता आपण डावीकडे वळत आहोत."

सविता इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मी बदक वाजवलं.

*

त्यानंतर आजार खरोखर उतरायला लागला. बदकामुळे नव्हे, त्याची वेळ झाली होती. अंगठा आधीच हलत होता, मग मनगट, मग कोपर. फिजिओथेरपीच्या ताई यायच्या तेव्हा मी कळवळायचे. एका बाजूला सविता आणि दुसऱ्या बाजूला हे, असे दोघं धरून मला उभं करायचे आणि त्या वेळीसुद्धा चादरीवरून भांडायचे. पपई शेवटपर्यंत जाडच कापली गेली. पण आता ते भांडण घरातलं होतं.

वॉकरवर चालता यायला लागलं, माझी मी आंघोळ करायला लागले, तसं सविताचं काम संपलं. ब्युरोने तिला पंचवटीत एका आजोबांकडे दिलं. शेवटच्या दिवशी तिने माझी वेणी घातली. गरज नव्हती, मला घालता येत होती. हे तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले आणि बस येईपर्यंत तिथेच थांबले.

आता कुणाच्या घरी आजारपण आलं की मला फोन येतो. ब्युरो कुठला? बाई कशी बघायची? मी एवढंच सांगते, बाईचं काम जरूर तपासा, पण दुपारी केव्हातरी तिला आणि घरच्यांनाही बाहेर पाठवून पेशंटपाशी बसा. बोलता येत नसेल तर डोळ्यांनी हो-नाही ठरवून घ्या. घाई करू नका. बाईचा हात जवळ आल्यावर त्या माणसाचा श्वास सैल होतो की अडतो, ते बघा. आणि कधीतरी त्या बाईलाही विचारा, पोराचा ताप उतरला का.

सविताला मी म्हटलं होतं, सुट्टीच्या दिवशी ये एकदा जेवायला. पुरणपोळी करते. करते म्हणजे कटाची आमटी मी करणार होते आणि पोळ्या हे कॉलेज रोडहून विकत आणणार होते, पण ते तिला कशाला सांगा? एका रविवारी ती आली. बेल वाजली. हे उठायला लागले, मी म्हटलं, "बसा तुम्ही." काठी घेतली, उठले, हॉल ओलांडला, कडी काढली आणि दार उघडलं.

बाहेर सविता, नव्या साडीत, हातात द्राक्षांची पिशवी. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. दिवसभर टकळी चालवणारी ती बाई, तिच्या तोंडून शब्द फुटेना.

"ये ना आत," मी म्हटलं.

"थांबा काकू." तिने नाक ओढलं. "दार लावा. मी परत बेल वाजवते. मला पुन्हा बघायचंय."

मी दार लावलं. आतून कडीसुद्धा घातली. बेल वाजली. मी दार उघडलं.